झोपेच्या गोळीचा हिशेब कोण करणार?

पोस्ट मोठी आहे. घरात कुणी रोज झोपेची गोळी घेत असेल तर शेवटपर्यंत वाचा.

माझ्या आईने सहा वर्षं अल्प्राझोलम घेतली. सकाळी ०.५ मिलीग्रॅम, रात्री ०.५. बाबा गेले तेव्हा "पंधरा दिवस घ्या" म्हणून लिहून दिलेली. ती चिठ्ठी घडीवर फाटली, तरी मेडिकलवाला तिच्यावरच गोळ्या देत राहिला. पुढे तर चिठ्ठी मागणंही बंद झालं. मी गाडी चालू ठेवूनच काउंटरवर हात पुढे करायचो. म्हणजे पहिला आरोपी मीच, हे आधीच लिहून टाकतो.

मागच्या वर्षी आई तोल जाऊन पडली. नव्या डॉक्टरांनी गोळ्या बघितल्या आणि भडकले. "या वयात ही गोळी? आजपासून बंद. फारच वाटलं तर अर्धी घ्या." राग चुकीचा नव्हता. म्हातारपणी या गोळीने तोल जातो, विसरायला होतं. पण सहा वर्षांची गोळी एका वाक्यात बंद?

तिसऱ्या दिवशी आईचे हात इतके थरथरत होते की कप बशीवर वाजत होता. घाम, झोप शून्य. भिंतीवर माणसं दिसतात म्हणाली. शेजारच्या काकूंनी बाहेरचं काही असेल म्हणून सांगितलं. आम्ही जिल्ह्याला मानसोपचारतज्ज्ञांकडे पळालो. ते म्हणाले, "फिट आली नाही हे नशीब समजा." अशी गोळी अचानक थांबवली तर झटके येऊ शकतात, जिवावर बेतू शकतं. हे सहा वर्षांत आम्हाला कुणी सांगितलं? कुणीच नाही.

त्यांनी आधीचा डोस परत सुरू केला, आई स्थिर झाल्यावर कागद घेऊन हिशेब मांडला. तोच इथे देतो, कारण माझं भांडण त्या हिशेबाशीच आहे.

"अर्धी करा" म्हणजे ५० टक्के कपात. अर्धीची पाव केली की पुन्हा ५० टक्के. आणि पाववरून बंद म्हणजे १०० टक्के! टक्के मोजायचे ते आज चालू असलेल्या डोसवर, मूळ डोसवर नाही. म्हणून लोकांना सोपी वाटणारी शेवटची पायरी सगळ्यात उंच असते. अमेरिकेतल्या तज्ज्ञांची २०२५ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात, सुरुवातीला दर २ ते ४ आठवड्यांनी ५ ते १० टक्के, आणि दोन आठवड्यांत २५ टक्क्यांच्या वर तर नाहीच.

आईला ०.५च्या दोन गोळ्यांऐवजी ०.२५च्या चार दिल्या. त्यातली अर्धी कमी म्हणजे ०.१२५, एक मिलीग्रॅमवर साडेबारा टक्के. पण डोस ०.५वर आला की तोच तुकडा २५ टक्के होतो, म्हणून तिथून पाव तुकडा. त्याहून बारीक तुकडा हाताने होत नाही, भुगा होतो. त्यामुळे शेवटी प्रत्येक पायरीवर जास्त दिवस थांबलो. त्रास झाला की तिथेच मुक्काम. अकरा महिने लागले. (हा माझ्या आईचा हिशेब आहे. तुमच्या घरी हाच चालवू नका, डॉक्टरांना विचारा.)

आता गावोगाव मिळणारे सल्ले बघा. "एक दिवसाआड घ्या." अल्प्राझोलमचा असर लवकर उतरतो, म्हणजे गोळी नसलेल्या दिवशी शरीराला अचानक बंदच. "एसआर गोळी तोडून घ्या." ती हळूहळू विरघळायला बनवलेली असते, तोडली की ती सोयच जाते. आणि आपल्याकडची लाडकी जोडगोळी, एस्सिटालोप्राम आणि क्लोनाझेपाम एकाच गोळीत. ती अर्धी केली तर नैराश्याचं औषधही अर्धं होतं. मग माणूस कशाने कोसळला, ते कोण शोधणार? सुरू करायला एक गोळी सोयीची, सोडवायला कुणाच्या सोयीची?

डॉक्टर मंडळी म्हणतील, ओपीडीत शंभर पेशंट, एवढा वेळ कुठून आणायचा? वेळ नाही हे मान्य. पण सुरू करायला दोन मिनिटं पुरतात ना? मग त्याच चिठ्ठीवर गोळी कधी आणि कशी कमी करायची, त्या दोन ओळीही लिहा.

आणि मेडिकलवाले. अल्प्राझोलम १ मार्च २०१४ पासून शेड्यूल एच-१ मध्ये आहे. चिठ्ठीशिवाय विक्री नाही. वेगळ्या रजिस्टरमध्ये डॉक्टर, रुग्ण, औषध, नग यांची नोंद करायची आणि ते तीन वर्षं जपायचं. सहा वर्षांत आईच्या नावाची एक ओळ तरी कुठे आहे का? उद्या तपासणी होईल या भीतीने मात्र कुणी एखाद्या म्हातारीला आजच्या आज गोळी नाकारू नका. तो इलाज रोगापेक्षा वाईट. तिला डॉक्टरांकडे पाठवा. टेली-मानसचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, तो काउंटरवर लावा.

सोमवारी अन्न व औषध प्रशासनाकडे माहिती अधिकारात अर्ज टाकतोय. आपल्या तालुक्यात गेल्या तीन वर्षांत एच-१ची रजिस्टरं किती दुकानांत तपासली, शेवटची तपासणी कधी झाली, कारवाई किती जणांवर. पोच मिळाली की फोटो इथेच टाकतो.