परातीभोवतीची ओळख

निम्न तेरणा धरणाच्या काठी वसलेल्या माकणीला सोयाबीनच्या पिठाचे प्रात्यक्षिक ठरले होते. मी नेहमीप्रमाणे तक्ते घेऊन गेलो. वीस-बावीस बाया पदर सावरून बसल्या. पाऊण तास बोललो, शंका विचारा म्हणालो. कुणी तोंड उघडले नाही. मग तक्ते गुंडाळले, चौघीचौघींचे गट केले आणि प्रत्येक गटापुढे परात ठेवली. तयार पीठ सोबत आणले होतेच. धपाटे करायचे ठरले आणि पाच मिनिटांत नुसता गलका!

कोपऱ्यात आळंदकडची एक नवी सून होती. घरात कन्नड बोलणारी, मराठी अडखळत. लग्नाला आठ महिने झाले, तरी समोरच्या घरच्या आजींना तिचे नाव ठाऊक नव्हते. ओल्या फडक्यावर धपाटा थापणे तिला नवीन. पहिला धपाटा तव्यावर टाकताना फाटला. सगळ्या हसल्या, तीही हसली. आजींनी तिचा हात धरून दुसरा थापून घेतला. पुढच्या खेपेला गेलो, तेव्हा दोघी ओट्यावर एकच वाकळ शिवत बसल्या होत्या.

30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपानंतर आपल्या भागातील कितीतरी गावे नव्या जागी वसली. रस्ते रुंद झाले, घरे सुटी झाली. पण भिंतीला भिंत लागून असलेला जुना शेजार पांगला. हळदीकुंकवाला बाया जमतात, पण विधवा भगिनी घरीच राहते. परातीला असला भेद नसतो. म्हणून हाताला काम देणारे असे कार्यक्रम हवेत. हात गुंतले की जीभ आपोआप मोकळी होते.

आता कृती. सोयाबीनमध्ये सुमारे 40 टक्के प्रथिने असतात. पण कच्च्या दाण्यात प्रथिनांच्या पचनाला अडथळा आणणारा घटक असतो. तो उष्णतेने निकामी होतो. म्हणून 1 किलो स्वच्छ दाणे 3 लिटर उकळत्या पाण्यात टाकून 25 मिनिटे उकळावेत. पाणी निथळून दाणे उन्हात कडकडीत वाळवावेत. मग 9 किलो गव्हात मिसळून दळून आणावेत. पेरणीचे, औषध चोळलेले बियाणे मात्र उरले तरी खाण्यात कदापि घेऊ नये. ते विषारी असते.

कार्यक्रमाला फार खर्च नको. बारा-पंधरा जणी पुरेत. जेवणे उरकल्यानंतरची दुपार धरावी. परात, चाळणी, तवा ज्याच्या त्याच्या घरचा. जिला येते तिने न येणारीशेजारी बसावे. मात्र तिच्या हातातले काम ओढून घेऊ नये. बिघडले तर बिघडू द्यावे. पुढच्या वेळी वाकळ घ्यावी; चार कोपऱ्यांना चौघी बसल्या की गप्पा निघतातच.

आपण सोयाबीनची पोती अडतीला घालतो आणि घरात मूठभर शिजवत नाही. शेजाराचेही तसेच झाले आहे. आहे भरपूर, वापरात नाही. सुगी उरकली की आपल्या गल्लीतली एक दुपार ठरवा. आणि बोलावणे करताना जिचे नाव तुम्हाला ठाऊक नाही, तिच्या दारी आधी जा.