औषधांना न जुमानणारा क्षय

२०१२च्या सुरुवातीला मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेल्या नोंदींनी जगभर खळबळ उडवली: तपासलेल्या एकाही औषधाला दाद न देणारा क्षयरोग. हा अंक त्या जंतूविषयी आहे.

जंतूच्या ‘आरपीओबी’ जनुकातला एखादा बारीक बदलही रिफॅम्पिसिन या क्षयावरच्या औषधाला निकामी करू शकतो. असे बदल आपोआपच होत असतात; उपचार चुकीचे किंवा अर्धवट झाले की बदललेले जंतू तेवढे तगतात आणि हवेतून शेजारच्या माणसाच्या फुप्फुसात पोहोचतात. म्हणजे आयुष्यात क्षयाची एक गोळीही न घेतलेल्याला थेट प्रतिरोधी क्षय होऊ शकतो. ‘गोळ्या सोडल्या असतील’ हा सरसकट ठपका (डॉक्टरही तो ठेवतात) म्हणूनच आम्हाला अन्यायाचा वाटतो.

प्रतिरोधी क्षयावरच्या सहा महिन्यांच्या नव्या उपचारांना केंद्र सरकारने २०२४मध्ये मंजुरी दिली, हे चांगलेच झाले. पण कोंदट खोल्या, उशिरा होणारी तपासणी आणि औषधांचा तुटवडा यांचे काय? या अंकातले लेख रुग्णांच्या बाजूने लिहिले आहेत. आपण हा आजार सोसला असेल, घरात कुणाची शुश्रूषा केली असेल, तर आम्हाला जरूर लिहा. नाव छापायचे की नाही, ते आपण ठरवा.