एका फांदीचा विस्तार

परवां घरीं आइस्क्रीमचा डबा आला, तेव्हां आमच्या काकूंनीं शिरस्त्याप्रमाणें त्यावरील बारीक अक्षरें आम्हांकडून वाचून घेतलीं. शाकाहाराचा हिरवा ठिपका होताच, पण '४०७' हा आंकडा ऐकून त्या म्हणाल्या, "दुधांत आंकडे कशाला रे?" तो कॅरागीनन नांवाच्या पदार्थाचा आंकडा असून तो पदार्थ समुद्रांतील लाल शेवाळापासून काढतात, त्यामुळें दुधांतलें पाणी विलग होत नाहीं, असें आम्हीं सांगितलें. "मग एकादशीला चालेल का?" हा त्यांचा पुढला प्रश्न. तो धर्मशास्त्राचा असल्यामुळें आम्ही त्यांत पडलों नाहीं. परंतु या शेवाळाची हकीकत मात्र वाचकांस सांगावीशी वाटते.

लाल शेवाळाच्या सात हजारांहून अधिक जाती शास्त्रज्ञांनीं नोंदल्या आहेत. थंड समुद्रांतील खडकांपासून उष्ण कटिबंधांतील प्रवाळापर्यंत त्यांचा संसार पसरलेला आहे. गोतावळा एवढा मोठा. पण बाजारांतील बहुतेक कॅरागीनन दोनचार जातींवरच निघतें, आणि त्यांत प्रमुख ती 'कॅपाफायकस अल्व्हारेझी'. हिचें माहेर फिलिपाइन्सचा दक्षिणेकडील समुद्र. १९७० च्या सुमारास हवाई विद्यापीठाचे मॅक्सवेल डॉटी आणि त्यांचे तेथील सहकारी यांनीं तिची शेती बसविली. रीत सोपी आहे. दोरीला फांदीचे तुकडे बांधून ते उथळ पाण्यांत ठेवावयाचे, दीड महिन्यानें कापणी करावयाची, आणि कापलेल्या मालांतूनच पुढलें बेणें राखावयाचें. आपल्याकडे उंसाची कांडी लावतात, त्यांतलाच हा प्रकार. बीजाचा किंवा नरमादीच्या संयोगाचा येथें प्रश्नच येत नाहीं.

ही फांदी पुढें देशोदेशीं गेली. १९८४ सालीं भावनगरच्या केंद्रीय लवण व सागरी रसायन संशोधन संस्थेनें ती जपानहून आणली. जपानांतहि ती फिलिपाइन्सचीच पाहुणी होती. कालांतरानें तामिळनाडूंत मंडपम् व पांबनच्या किनाऱ्यावर कोळी स्त्रियांनीं बांबूच्या तराफ्यांवर तिची लागवड केली. आफ्रिकेजवळच्या झांझिबार बेटावर १९८९ सालीं ती पोंचली. तेथील स्त्रिया ओहोटीच्या वाळूंत खुंट्या ठोकून दोऱ्या ताणीत, आणि प्रथमच त्यांच्या हातीं स्वतःच्या कमाईचा पैसा खेळूं लागला.

पेशींतील आनुवंशिक द्रव्याचा एक लहानसा अंश केवळ मातेकडून उतरतो. त्यावरून मातृकुल ओळखतां येतें. ठिकठिकाणचे नमुने घेऊन तो अंश ताडून पाहिल्याचा वृत्तांत २००६ सालीं प्रसिद्ध झाला. नाना देशांच्या शेतांतील हें शेवाळ जवळजवळ एकाच मातृकुलाचें निघालें. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर आपोआप वाढणारें मात्र अगदी निराळ्या कुलाचें होतें. म्हणजे झांझिबारच्या बाईच्या पायांशीं तिच्या देशचें मूळ शेवाळ उगवत होतें, आणि दोरीला ती बांधीत होती ती परदेशची फांदी!

एकाच देहाच्या या शाखा. तेव्हां एकीस जें सोसवत नाहीं, तें दुसरीसहि सोसवत नाहीं. पाणी फार तापलें कीं फांदी पांढरी पडते, ठिसूळ होते आणि मोडून वाहून जाते. शेतकरी या रोगाला 'आइस-आइस' म्हणतात. झांझिबारच्या उथळ पाण्यांत ही जात आतां नीट येत नाहीं. पुष्कळ स्त्रियांना कमी भावाच्या दुसऱ्या जातीवर निभावून न्यावें लागतें. तामिळनाडूंत २०१३ नंतर तराफेच्या तराफे ओस पडले. आणि दैवाचा विनोद असा, कीं तेथेंच कुरुसडै बेटाच्या प्रवाळांवर ही पाहुणी शेतांतून सुटून फोंफावल्याची तक्रार २००८ सालींच झाली होती.

यावर नवें बेणें परदेशांतून आणावें, असा एक पक्ष आहे. जिवंत समुद्रशेवाळाच्या आयातीविषयीं सरकारनें २०२४ सालीं नियमहि घालून दिले. आमचा त्यास विरोध नाहीं. परंतु पुन्हां एकच फांदी आणून तीच सर्वत्र लावली, तर वीस वर्षांनीं आपण याच जागीं येऊं, असें आम्हांस वाटतें. खरी विविधता शेतांत नसून मूळ समुद्रांत आहे. मलेशियांतील सबाहचे शेतकरी एका शेवाळाला 'अरिंग-अरिंग' म्हणून पूर्वींपासून वेगळें ओळखीत. शास्त्रज्ञांनीं आनुवंशिक द्रव्य तपासून २०१४ सालीं ती खरोखरच स्वतंत्र जात ठरविली. अडाण्याच्या डोळ्याला जें दिसलें, तें पुस्तकांत यावयास उशीर लागला, इतकेंच.

मन्नारच्या आखातांतहि आपलीं स्वतःचीं लाल शेवाळें आहेत. मरिकोळुंदु पासी, कंजी पासी अशीं त्यांचीं तामिळ नांवें. बोटांना चिंध्या गुंडाळून तेथील स्त्रिया बुडी मारतात व तीं हातानें खुडतात. शेवाळाला पुन्हां वाढावयास सवड मिळावी म्हणून महिन्यांतून बाराच दिवस समुद्रांत उतरावयाचें, असा नेम त्यांनीं आपसांत घालून घेतला आहे. या शेवाळापासून अगर, म्हणजे बाजारांतलें 'चायना ग्रास', तयार होतें. आमच्या काकू दर उन्हाळ्यांत त्याच्याच काड्या भिजवून आंब्याच्या रसाच्या वड्या घट्ट करतात. पण हें आम्हीं त्यांना अद्याप सांगितलेलें नाहीं.