हळू चालवलं तर तुटत नाही म्हणे

"हळू चालव." हॉबी सीएनसीवर बारीक बिट तुटलं की हा सल्ला मिळालाच म्हणून समजा. घरचे देतात, शेजारचे काका देतात, बारामतीच्या एमआयडीसीत पाळीने व्हीएमसी चालवणारे मित्रसुद्धा देतात. आमच्या जळोचीत गाडी, ट्रॅक्टर, लग्नाची बोलणी, सगळ्यालाच हा एक सल्ला चालतो. पण एक मिलिमीटर किंवा त्याहून बारीक बिटाला तो सरसकट लावू नये, असं माझं ठाम मत झालंय. भीतीपोटी कमी केलेला वेगही बिटं तोडतो, आणि वर आपण काळजी घेतली असं समाधान देतो!

(आत्या, तुमच्यासाठी थोडक्यात: हे मशीन टेबलावर मावतं. कामाची जागा वीतभर रुंद, दीड-दोन वीत लांब. कॉम्प्युटर सांगेल तसं ते सरकतं आणि गरगर फिरणारं बिट लाकूड कोरत जातं. एक मिमीचं बिट म्हणजे उदबत्तीच्या काडीहून बारीक. कार्बाइडचं असतं, म्हणजे खूप कडक. पण कडक म्हणूनच ठिसूळ. वाकून सांगत नाही, एकदम तुटतं.)

आता हिशोब बघा. बिट मिनिटाला १०,००० फेरे घेतंय, त्याला दोन धारा आहेत. फीड २०० ठेवला, म्हणजे मशीन मिनिटाला २०० मिमी सरकलं, तर प्रत्येक धार ०.०१ मिमीचा घास घेते. घाबरून फीड ४० वर आणला की घास राहतो ०.००२. एवढा बारीक घास घ्यायला धारच तितकी तीक्ष्ण नसते. मग ती कापत नाही, नुसती घासते. घासलं की तापतं, तापलं की धार जाते, आणि धार गेली की तेवढ्याच कामाला जास्त जोर लागतो. सागवानात जळका वास येतो, कडा काळ्या पडतात. अ‍ॅक्रिलिक तर वितळून बिटाला चिकटतं आणि गोळा होतो. पुढचा आवाज सगळ्यांच्या ओळखीचा आहे. टक्.

मग कमी काय करायचं? तर खोली. बारीक बिटाने एका फेरीत त्याच्या जाडीच्या पाव ते निम्मं, त्यापेक्षा जास्त खाली जाऊ नये. धातूत त्याहूनही कमी. आणि बिट कोलेटमधून लागेल तेवढंच बाहेर ठेवायचं. दुप्पट बाहेर काढलं तर तेवढ्याच जोराला ते आठपट वाकतं. जाडी निम्मी केली तर सोळापट! म्हणून लांबलचक बिट "कधीतरी उपयोगी पडेल" म्हणून घेण्याला माझा विरोध आहे.

यावर आपल्याच जिल्ह्यातला दाखला देता येतो. शिरूर तालुक्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. हाताने करत करत शिकायचं, ही तिथली रीत. तिथे २००२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या साथीने फॅब लॅब आली, जगातल्या अगदी पहिल्या काहींपैकी एक. या फॅब लॅबच्या जगात सर्किट बोर्ड कोरायला रोलँडचं मॉडेला नावाचं छोटं यंत्र वर्षानुवर्षं वापरलं गेलं. बिट एक-चौसष्टांश इंच, म्हणजे जेमतेम ०.४ मिमी, आणि तेही शिकाऊ मंडळींच्या हातात. त्यांचे नेहमीचे आकडे काय? फीड सेकंदाला ४ मिमी, म्हणजे मिनिटाला २४०. खोली मात्र ०.१ मिमी. शिवाय बोर्ड काचतंतूंचा एफआर-४ घ्यायचा नाही, कागद आणि राळेचा एफआर-१ घ्यायचा. काचेचे तंतू धार खातात, आणि त्यांची धूळ छातीत जाणं वाईटच.

माझी भाची डिप्लोमाला आहे. प्रोजेक्टचा बोर्ड स्वतः कोरायचा म्हणून बसली, तर ओळीने तीन बिटं गेली. घरातून सल्ले सुरू झाले. फीड ३० वर आला, चौथंही गेलं. (चार बिटांच्या पैशात घरात किती दूध आलं असतं तेही तिला ऐकवण्यात आलं.) मशीनवर जुनी चादर पडली. मला बिटांपेक्षा त्या चादरीचं जास्त वाईट वाटलं, कारण "मला नाही जमत हे" असं पोरगी म्हणायला लागली होती. जमत होतं की! स्पिंडलला डायल लावून बघितला तर बिटाचा दांडा ०.०६ मिमी आउट फिरत होता. घास ०.०१ चा आणि डगमग सहापट. दोन धारांपैकी एकच राबते, दुसरी हवेत फिरते.

हा रोग बहुतेक वेळा कोलेट बसवण्यात असतो. ईआर कोलेट आधी नटमध्ये टिचकन बसवायचं, मग बिट घालायचं, मग सगळं मिळून स्पिंडलवर चढवायचं. पुष्कळ जण कोलेट सुटं आत टाकून वरून नट आवळतात आणि ते तिरकं बसतं. हे ईआर कोलेट १९७२ सालचं, रेगो-फिक्स या स्विस कंपनीचं. आमच्याकडे ७२ म्हटलं की दुष्काळच आठवतो, त्या वर्षी जगात कुठे काही चांगलंही घडलं असेल हे डोक्यात येत नाही. असो. भाचीने कोलेट पुसलं, नीट बसवलं, बिट पाव वळसा फिरवून पुन्हा डायल बघितला. आउट ०.०२ वर आला. फीड १८०, खोली ०.१, आणि बोर्ड निघाला. पाचवं बिट अजून चालू आहे.

एमआयडीसीतल्या मित्रांचा राग नाही. त्यांचं मशीन टनावारी वजनाचं, त्यांच्या स्पिंडलचा आउट मायक्रॉनमध्ये. तिथे फीड हा एकच चोर उरतो. आपल्याकडे कोलेट, ढिले स्क्रू, वाकणारा गँट्री, असे बरेच चोर घरातच असतात.

आणखी एक. बारीक बिट लागतं कशाला, हेही विचारावं. आपल्या देवनागरीत दाराच्या पाटीवर "श्री" नाहीतर "ज्ञानेश्वर" कोरायचं म्हटलं की आतल्या गाठी, जोडाक्षरं आणि वेलांट्यांचे कोपरे मोठ्या बिटाला जमत नाहीत. पण म्हणून अख्खी पाटी १ मिमीने कोरणं हा बिटावर अन्याय आहे. ३ मिमीने बहुतेक सगळं काढून घ्यावं, बारीक बिटाला फक्त कोपरे ठेवावेत. किंवा अक्षरं जरा मोठी करावीत, पाहुण्यांनाही वाचता येतात :)

बिट लाकडात उभं घुसवू नये, तिरकं उतरू द्यावं. चष्मा लावावा, तुटलेलं कार्बाइड कुठेही उडतं. आणि लाईट गेली तर बिट लाकडात रुतलेलंच राहतं, आणि आपण कुठे आहोत हे मशीन विसरतं. अशा वेळी लाईट आल्याबरोबर घाईने एक्स किंवा वाय सरकवला की संपलं. भाचीने मशीनशेजारी कागद चिकटवलाय: "आधी झेड वर." हल्ली सल्ले द्यायला येणाऱ्यांना ती तोच कागद दाखवते.