अंगणवाडीतील शिक्षिका मोबाईलवर घडेल काय?

जव्हार आणि मोखाडा ही दोन नावे राज्यातील वृत्तपत्रांत प्रामुख्याने कुपोषणाच्या संदर्भातच छापली गेली आहेत. १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथील बालमृत्यूंनी राज्य हादरले. २०१६ मध्ये मोखाड्यातील बालमृत्यूंनी तोच प्रश्न पुन्हा मंत्रालयाच्या दारात आणून उभा केला. दोन्ही वेळी चर्चा आहार, वजनकाटा, डॉक्टर आणि रस्ते यांभोवती फिरली. मूल जगते की नाही याचीच भ्रांत असताना ते काय शिकते हा प्रश्न गौण ठरणे स्वाभाविकच होते. आता मात्र तो प्रश्न टाळता येणार नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने पहिलीपूर्वीची तीन वर्षे औपचारिक शिक्षणाच्या आकृतिबंधात आणली. या दोन तालुक्यांतील पाड्यांवर त्या तीन वर्षांचा भार एकाच व्यक्तीवर आहे. ती व्यक्ती म्हणजे अंगणवाडी सेविका.

या सेविकेला बालशिक्षिका म्हणून घडवायचे कसे, याचे धोरणाने दिलेले उत्तर मोबाईल आणि दूरचित्रवाणीच्या पडद्याशी जोडलेले आहे. मुंबई-पुण्यातील वाचकाला घरबसल्या अभ्यासक्रम ही आता नित्याची बाब वाटते. तथापि, सूर्यमाळ वा खोडाळ्याच्या परिसरातील पाड्यावर हाच उपाय कितपत लागू पडेल, याचा विचार तेथील परिस्थितीच्या आधारेच करावा लागेल.

धोरणाचे दोन अर्धे

बारावी वा त्याहून अधिक शिकलेल्या सेविकांसाठी सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम आणि त्याहून कमी शिकलेल्यांसाठी एक वर्षाची पदविका, अशी धोरणातील तरतूद आहे. हे अभ्यासक्रम डीटीएच वाहिन्या आणि स्मार्टफोन यांच्या साहाय्याने दूरस्थ पद्धतीने चालवता येतील, जेणेकरून सेविकांच्या दैनंदिन कामात कमीत कमी व्यत्यय येईल, असे धोरण म्हणते. मात्र त्याच परिच्छेदात आणखी एक अट आहे, जिची चर्चा फारशी होत नाही. या प्रशिक्षणाला शालेय शिक्षण विभागाच्या समूह साधन केंद्रांनी मार्गदर्शन करावे आणि महिन्यातून किमान एक प्रत्यक्ष संपर्क वर्ग घ्यावा, असेही तेथे नमूद आहे. म्हणजेच धोरणकर्त्यांनीही निव्वळ पडद्यावर भिस्त ठेवलेली नाही.

त्यानंतरची पावले अशी. मे २०२३ मध्ये केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने ‘पोषण भी, पढाई भी’ हा कार्यक्रम सुरू केला. अंगणवाडीत दररोज किमान दोन तास दर्जेदार पूर्वप्राथमिक शिक्षण व्हावे, हे त्याचे उद्दिष्ट. मार्च २०२४ मध्ये तीन वर्षांखालील बालकांसाठी ‘नवचेतना’ आणि तीन ते सहा वर्षांच्या बालकांसाठी ‘आधारशिला’ अशी दोन मार्गदर्शक पुस्तके प्रसिद्ध झाली. या कार्यक्रमात आधी मुख्य प्रशिक्षक तयार करायचे आणि त्यांनी सेविकांना शिकवायचे, अशी साखळी आखण्यात आली. सेविकेच्या वाट्याला त्यातून आले ते तीन दिवसांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण. पूर्वी नव्या सेविकेला अंगणवाडी प्रशिक्षण केंद्रात २६ दिवसांचे प्रशिक्षण दिले जाई, आणि त्यातही आहार, लसीकरण, नोंदवह्या व बालशिक्षण असे सर्वच विषय कोंबलेले असत. दुसरीकडे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाची बालसंगोपन व बालशिक्षणाची पदविका दूरस्थ असूनही किमान एक वर्षाची आहे. तीन दिवस आणि एक वर्ष यांतील अंतर भरून काढण्यासाठीच मोबाईल पुढे आला आहे.

पडदा काय देतो?

ऑनलाइन प्रशिक्षणाला सरसकट नाके मुरडणे न्याय्य होणार नाही. निवासी प्रशिक्षणासाठी सेविका गावाबाहेर गेली की अंगणवाडी मदतनिसावर सोपवावी लागते आणि सेविकेच्या स्वतःच्या घरचाही प्रश्न उभा राहतो. पावसाळ्यात घाटरस्त्याने ये-जा करणे ही तर परीक्षाच. मोबाईलवरील पाठ सवडीने पाहता येतो, थांबवता येतो, पुन्हा लावता येतो. मेंदूची ८५ टक्क्यांहून अधिक वाढ वयाच्या सहाव्या वर्षापूर्वी होते, हे चित्रांतून चटकन समजावता येते. दिव्यांगत्वाची सुरुवातीची लक्षणे कशी ओळखावीत, दूरच्या अंगणवाडीत एखादी ताई गाणे कसे घेते, मणी आणि बिया यांतून मोजणी कशी होते, हे पाहायला मिळणे मोलाचे आहे.

परंतु माहिती मिळणे आणि काम साधणे यांत फरक आहे. अंगणवाडीच्या एका खोलीत तीन, चार आणि पाच वर्षांची मुले एकत्र बसतात. गोष्ट सांगताना तिघे ऐकत असतात, एक दाराकडे पळत असतो, एकीला भूक लागलेली असते आणि पहिल्यांदाच आलेले एखादे मूल आईसाठी आक्रोश करीत असते. त्या क्षणी गोष्ट थांबवायची की पुढे न्यायची, रडणाऱ्याला उचलायचे की एखाद्या मोठ्या मुलीच्या हाती सोपवायचे, हे ठरवावे लागते. प्रश्न विचारून लगेच उत्तर सांगून टाकण्याची सवय प्रत्येक नव्या शिक्षिकेला असते. ती सवय तिची तिला दिसत नाही. शेजारी बसून पाहणाऱ्या अनुभवी व्यक्तीला ती दिसते. चित्रफीत सेविकेला दिसते, पण चित्रफितीला सेविका दिसत नाही, ही या पद्धतीची मूळ मर्यादा आहे.

रेंज, भाषा आणि स्थलांतर

जव्हार-मोखाड्यात या मर्यादेवर आणखी तीन अडचणींची भर पडते. पहिली साधनांची. डोंगराळ भागात अनेक पाड्यांवर मोबाईलची रेंज मिळवण्यासाठी उंचवटा गाठावा लागतो आणि पावसाळ्यात वीजही बेभरवशाची असते. शासनाने दिलेले मोबाईल निकृष्ट असून त्यांची क्षमता अपुरी आहे, अशी तक्रार करीत राज्यभरातील सेविकांनी ऑगस्ट २०२१ मध्ये ‘मोबाईल वापसी’ आंदोलन केले होते. त्याच वर्षी सुरू झालेल्या ‘पोषण ट्रॅकर’वर हजेरी, वजन, उंची, आहार यांच्या नोंदी भराव्या लागतात. जुलै २०२५ पासून घरपोच आहार देताना लाभार्थ्याचा चेहरा ओळखण्याची प्रक्रियाही त्याच पडद्यावर सक्तीची झाली. सेविकेच्या हातातील मोबाईल हा अगोदरच तिच्या कामाची तपासणी करणारे यंत्र बनला आहे. त्याच यंत्रातून शिक्षण द्यायचे तर ‘पाठ पूर्ण’ अशी आणखी एक खूण करण्यापुरतेच ते उरण्याचा धोका उघड आहे.

दुसरी अडचण भाषेची. २०११ च्या जनगणनेनुसार जव्हार तालुक्याची लोकसंख्या सुमारे १ लाख ४० हजार आणि मोखाड्याची ८३ हजारांवर होती. दोन्ही तालुक्यांत आदिवासींचे प्रमाण ९० टक्क्यांहून अधिक आहे. वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी, कोळी अशा समाजांतील मुले घरची बोली घेऊन अंगणवाडीत येतात. मुलाशी सुरुवात त्याच्या घरच्या भाषेत व्हावी, हे २०२० च्या धोरणाने आणि २०२२ च्या पायाभूत स्तरावरील राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने स्पष्ट केले आहे. राज्यभरासाठी एकदाच तयार होणारी चित्रफीत मात्र प्रमाण मराठीतच असणार. गाण्यातील ‘आगगाडी’ ज्या मुलाने पाहिलेली नाही, त्याच्यासमोर नाचणीची लावणी किंवा तारप्याचा नाच कसा आणायचा, हे त्या पाड्याशी परिचित असलेली व्यक्तीच सांगू शकते.

तिसरी अडचण सर्वांत गंभीर आणि तरीही सर्वांत कमी चर्चिली गेलेली. ‘आधारशिला’ची आखणी वर्षातील ४८ आठवड्यांची आहे. जव्हार-मोखाड्यातील अनेक कुटुंबांचे वर्ष मात्र दोन तुकड्यांत विभागलेले असते. भाताची कापणी-झोडणी उरकली आणि दिवाळी झाली की माणसे ‘जगायला’ बाहेर पडतात. भिवंडी, वसई, ठाणे येथील वीटभट्ट्या आणि बांधकामे हा त्यांचा मुक्काम. होळीला काही दिवस परत यायचे आणि मग पावसाळ्याच्या तोंडावर कायमचे घरी. लहान मुले अर्थातच आईबापांसोबत जातात. पाड्यावर असताना जे महिने अंगणवाडीच्या वाट्याला येतात ते नेमके मुसळधार पावसाचे, ओढे-नाले भरून वाहण्याचे. ‘पोषण ट्रॅकर’वर बालकाची नोंद दुसऱ्या अंगणवाडीकडे वर्ग करता येते. त्यामुळे आहार कदाचित मुलाच्या मागोमाग जाईलही. ओळखीची ताई आणि अर्धवट राहिलेली गोष्ट मात्र मागेच राहते.

४८ आठवड्यांतील कोणती गोष्ट आधी घ्यायची, कोणती सोडायची, होळीला परतलेल्या मुलाला पुन्हा वर्गात कसे रुळवायचे, हे निर्णय दिल्लीत वा पुण्यात घेता येत नाहीत. ते सेविकेलाच घ्यावे लागतात. ज्या भागात अभ्यासक्रम जसाच्या तसा राबवणे अशक्य आहे, त्या भागातील शिक्षिकेला इतरांपेक्षा अधिक जाणकार असावे लागते. प्रत्यक्षात मात्र दुर्गम भागासाठी म्हणून सर्वांत सोपे आणि सर्वांत दूरचे प्रशिक्षण पुढे केले जाते. हा उलटा न्याय झाला.

कोसबाडचा धडा

विशेष म्हणजे या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी फार दूर जाण्याची गरज नाही. आजच्या पालघर जिल्ह्यातील बोर्डी येथे १९४५ मध्ये ताराबाई मोडक यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. १९५७ मध्ये हे काम डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर गेले. मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसताच या दोघींनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ या कल्पनेचे मूळ तेथे आहे. गुरांमागे जाणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. लहान भावंडांना सांभाळणाऱ्या मुलींना शिकता यावे म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणणारी विकासवाडी उभी राहिली. शैक्षणिक साधने म्हणून बाजारातील महाग खेळण्यांऐवजी पाने, बिया, खडे, शिंपले वापरले गेले.

१९७५ मध्ये देशात एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि ‘अंगणवाडी’ हा शब्द गावोगाव पोहोचला. शब्द पोहोचला, परंतु त्यामागील कार्यपद्धती तितकी पोहोचली नाही. कोसबाडला मुलांचे निरीक्षण आणि शिक्षिकेचे प्रशिक्षण एकाच अंगणात, एकाच वेळी चालत असे. सरकारी योजनेत मुले गावात राहिली आणि प्रशिक्षण केंद्रात गेले. आता ते मोबाईलमध्ये जाऊ पाहत आहे.

कोसबाडची परंपरा संपलेली नाही. अनुताईंचा सहभाग असलेल्या ग्राममंगल संस्थेने १९८२ पासून डहाणू तालुक्यातील ऐने येथे बालशिक्षणाचे काम उभे केले. वाडा तालुक्यातील सोनाळे येथून २००७ पासून काम करणाऱ्या ‘क्वेस्ट’ या संस्थेनेही अंगणवाड्यांसोबत बालशिक्षणाचा कार्यक्रम चालवला आहे. जव्हार-मोखाड्याच्या शेजारीच इतका अनुभव साठलेला असताना तो बाजूला ठेवून केवळ चित्रफितींवर विसंबणे शहाणपणाचे नाही.

संपर्क वर्ग हीच कसोटी

वाद ऑनलाइन हवे की नको असा नाही. माहितीचा भाग मोबाईलवर जरूर द्यावा. ज्या पाड्यावर रेंज नाही तेथील सेविकांना चित्रफिती मासिक बीट बैठकीतच मोबाईलमध्ये भरून देता येतील, म्हणजे टेकडी चढण्याची गरज उरणार नाही. पण धोरणातील ‘महिन्यातून किमान एक प्रत्यक्ष संपर्क वर्ग’ हा भाग ऐच्छिक समजला जाऊ नये. तो वर्ग सभागृहात होण्याऐवजी एखाद्या चालू अंगणवाडीत, मुलांच्या उपस्थितीत व्हावा. पाच-सहा सेविकांनी एकीचे काम पाहावे आणि मग त्यावर बोलावे. पर्यवेक्षिकेच्या भेटीत नोंदवह्या तपासण्याइतकाच वेळ मुलांसोबतचे काम पाहण्यासाठी राखून ठेवावा. प्रशिक्षणाचा वेळ हा कामाचाच वेळ धरला जावा. रात्री घरचे आवरून पडद्यासमोर बसणारी सेविका शिकते कमी आणि थकते अधिक.

आणखी एक मुद्दा प्रतिष्ठेचा. सेविकेला शिक्षिका म्हणायचे आणि ‘मानधन’ देऊन मानसेवी ठेवायचे, ही विसंगती जुनीच आहे. ४ डिसेंबर २०२३ पासून राज्यातील अंगणवाडी कर्मचाऱ्यांनी केलेला संप ५२ दिवस चालला. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सेविका व मदतनीस यांना उपदान मिळण्याचा हक्क मान्य केला आणि निकालात त्यांच्या पूर्वप्राथमिक शिक्षणाच्या कामाचीही दखल घेतली. सहा महिन्यांचा वा वर्षाचा अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्या सेविकेच्या पदात किंवा मिळकतीत काहीच फरक पडणार नसेल, तर ते प्रमाणपत्र भिंतीवर टांगण्यापुरतेच उरेल.

वावर-वांगणीनंतरच्या तीन दशकांत जव्हार-मोखाड्यातील मुलांचे वजन मोजण्याची सवय व्यवस्थेला लागली. त्या मुलाला गोष्ट समजली का, ते बोलू लागले का, हे मोजण्यास काटा नाही. ते ओळखणारी नजर असलेली ताई प्रत्येक पाड्यावर लागेल. अशी नजर तयार करण्याचे काम मोबाईल सुरू करून देऊ शकतो, पूर्ण करू शकत नाही. पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंतचे जे मोजके आठवडे या मुलांच्या वाट्याला येतात, त्यांत त्यांच्यासमोर कोण उभे असेल, यावरच या साऱ्या प्रशिक्षणाचे यशापयश ठरणार आहे.