हँडब्रेक सुटत नाही? मग तारच सोडून द्या!

"हँडब्रेक अडकतोय ना? तार सोडून देतो. गिअरमध्ये लावत जावा, काय होत नाही."

हे वाक्य आपल्या गावात किती गाडीवाल्यांनी ऐकलंय? मी ऐकलंय. नुसतं ऐकलं नाही, तर मान डोलावली, दोनशे रुपये दिले आणि पुढे सात महिने बिनहँडब्रेकची गाडी चालवली. त्यामुळे आज जे लिहितोय त्यात पहिला आरोपी मीच, हे आधी कबूल करतो.

गेल्या आठवड्यात मुलीला आणायला शाळेच्या उतारावर गाडी लावली. गिअर टाकला होता असं मी शपथेवर सांगितलं असतं. प्रत्यक्षात गाडी न्यूट्रलला होती. मी फोनवर बोलत फाटकापर्यंत पोचलो आणि मागे आरडाओरडा झाला. गाडी घरंगळत जाऊन भाजीवाल्या मावशींच्या टोपल्यांवर चढली आणि गटाराच्या कठड्याला अडकून थांबली. नुकसान काय, तर दोन टोपल्या टोमॅटो. मावशी एवढंच म्हणाल्या, "नात आत्ताच पाणी प्यायला उठली हो दादा." ती जिथे बसायची, तिथेच चाक होतं.

त्या रात्री झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गॅरेजात गेलो आणि ड्रम उघडेपर्यंत शेजारी उभा राहिलो.

हँडब्रेकची रचना साधी आहे. लिव्हर ओढला की केबल ताणली जाते आणि मागच्या चाकांच्या ड्रममधले ब्रेक शू पसरून ड्रमला घट्ट धरतात. लिव्हर सोडला की स्प्रिंगनं शू मागे यायला हवेत. आपल्याकडच्या पावसात केबलचं रबर फाटतं, आवरणात पाणी शिरतं आणि आतली तार गंजते. ओढली की जाते, सोडली की परत येत नाही. कधी स्प्रिंग मेलेली असते, कधी ड्रममधली पट्टी गंजून बसते, कधी कुणीतरी केबल गरजेपेक्षा जास्त आवळून ठेवलेली असते. गाडी पावसात आठ-पंधरा दिवस हँडब्रेक ओढून उभी राहिली, तर लायनर ड्रमलाच चिकटतं.

लक्षणंही सगळ्यांना माहीत असतात. गाडी जड ओढते, पेट्रोल जास्त पितं, मागच्या चाकापाशी करपल्याचा वास येतो. तसंच दामटत राहिलं तर लायनर जळतं. उष्णता जास्तच वाढली तर ब्रेक ऑइल उकळून पायाचा ब्रेकही दगा देऊ शकतो. म्हणजे अडकलेला हँडब्रेक दुरुस्त करायलाच हवा, यात वाद नाही. माझा वाद 'दुरुस्ती' या शब्दाशी आहे. दाराचं कुलूप अडकतं म्हणून कुणी दारच काढून ठेवतं का?

खरी दुरुस्ती मी डोळ्यांनी पाहिली. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी अडण लावली, मागची चाकं जॅकवर घेतली. लिव्हर सोडून एकेक चाक हातानं फिरवलं, कुठलं अडकतंय ते कळलं. ड्रम उघडून साफ केला, लायनरला लागणार नाही अशा बेतानं सांध्यांवर ग्रीस दिलं, स्प्रिंग आणि केबल नवीन घातली. आधी शू जुळवले, मग केबल ताणली. अर्धा दिवस गेला आणि मजुरीसकट दोन हजारांच्या आसपास खर्च आला. दोन टोपल्या टोमॅटो आणि एक पोर यांच्यापुढे दोन हजार ही रक्कम आहे का?

"गिअरमध्ये लावली की झालं" म्हणणाऱ्यांना एकच सांगतो. गिअर हा जोडीला आहे. माणूस विसरतो, म्हणून तर दोन बंदोबस्त असतात. एक काढून टाकला की सगळी भिस्त तुमच्या आठवणीवर.

आता कायदा. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम १२६ सांगतं की सीटवर परवानाधारक चालक नसेल, तर इंजिन बंद करून ब्रेक लावून किंवा दुसरा उपाय करून गाडी आपोआप हलणार नाही याची खात्री केली पाहिजे. कुणी म्हणेल, दगडही चालतो की! चालतो. पण तो दगड चाकाखालून काढून कडेला कोण ठेवतं? घाटात पाहा, गाडी निघून जाते आणि दगड रस्त्यातच राहतो. रात्री तो मोटारसायकलवाल्याला भेटतो.

आणि तपासणी? धुराची पीयूसी ठरावीक मुदतीनं काढावी लागते. पण खासगी गाडीची नोंदणी पहिली १५ वर्षं चालते आणि तेवढ्या काळात तिचा ब्रेक सरकारी माणसानं तपासावा अशी नियमित सोयच नाही. धूर दिसतो म्हणून तपासायचा, तुटकी तार दिसत नाही म्हणून सोडायची?

म्हणून तीन मागण्या. गॅरेजवाल्या मित्रांनो, तार सोडलीत तर बिलावर 'हँडब्रेक बंद केला आहे' असं लिहून द्या. लिहायला हात धजावला नाही तर सोडू नका. वाहतूक पोलिसांनो, हेल्मेटच्या पावत्या फाडता तसं महिन्यातून एक दिवस शाळेच्या गाड्यांचे हँडब्रेक ओढून पाहा. शाळांनो, उतारावरचं पार्किंग बंद करा.

आणि गाडीवाल्यांनो, पावसात गाडी बरेच दिवस घरी उभी राहणार असेल तर सपाट जागेवर, गिअरमध्ये, चाकाला दोन्हीकडून अडण लावून ठेवा. हँडब्रेक चिकटणार नाही. एरवी तो ओढायचाच.

पोस्ट पटली तर शेअर करा. पण त्याआधी पुढे-मागे कुणी नाही असा थोडासा उतार शोधा. हँडब्रेक ओढा, गाडी न्यूट्रलला घ्या आणि ब्रेकवरचा पाय हळूच, पण तयारीत ठेवून उचला. गाडी हलली, तर उद्या सकाळी पहिलं काम गॅरेजचं.