सगळं आहे, तरी गाडी का रुसली?

स्पार्क, पेट्रोल, कॉम्प्रेशन. टू-स्ट्रोक इंजिन चालू होत नसेल तर एवढ्या तीनच गोष्टी बघायच्या, हा तमाम बाइकवाल्यांचा फंडा. ऐकायला एकदम सोपा. पण बॉस, तिन्ही गोष्टी जागेवर आहेत आणि इंजिन तरीही हूं की चूं करत नाही, असं झालं की डोक्याची पार मंडई होते. गेले तीन आठवडे आमची झाली होती.

आम्ही म्हणजे मी आणि माझा एक हिंजवडीवाला मित्र. बाइक त्याच्या बाबांची, यामाहा आरएक्स १००. ज्यांना माहीत नाही (आहे का कुणी असं?) त्यांच्यासाठी : एस्कॉर्ट्सने १९८५ ते १९९६ या काळात भारतात बनवलेली, ९८ सीसी, ११ हॉर्सपॉवर आणि वजनाला जेमतेम शंभर किलोच्या घरात. म्हणूनच ती अशी सुसाट सुटायची. काकांच्या गाडीचं मूळ इंजिन क्रँककेसला तडा जाऊन कायमचं बसलं. मग मित्राने एका अपघातात मोडलेल्या आरएक्सचं इंजिन विकत घेतलं. मूळ मालकाची सहीची पावती आणि आरसीची कॉपी घेऊन, हे महत्त्वाचं. इंजिन नंबर क्रँककेसवरच ठोकलेला असतो, त्यामुळे इंजिन बदललं की आरटीओकडून मंजुरी घेऊन आरसीवर नोंद करावीच लागते. ‘स्वस्तात मिळतंय, घेऊन टाक’ म्हणणाऱ्या मित्रांपासून चार हात लांब राहा. उद्या ते चोरीचं निघालं तर तुमची वाट लागणार, त्यांची नाही.

त्यात सोसायटीची नोटीस लागली. पार्किंगमधली बंद वाहनं महिनाअखेरपर्यंत हलवा, नाहीतर भंगारवाल्याला बोलावू. काका म्हणाले, “देऊन टाक रे, उगाच जागा अडते.” हेच काका दर रविवारी त्या बंद गाडीची टाकी फडक्याने पुसतात.

तर कामाला लागलो. आधी स्पार्क. प्लग काढायचा, त्याला कॅप लावायची, प्लगचं लोखंड सिलिंडर हेडला टेकवायचं आणि किक मारायची. (आसपास पेट्रोल सांडलेलं नसावं, प्लीज.) निळी, कडक ठिणगी पडली. आरएक्सला बॅटरी उतरल्याचं टेन्शन नसतं, कारण ठिणगीची वीज इंजिनवरचं मॅग्नेट स्वतःच तयार करतं. मग कॉम्प्रेशन. प्लगच्या भोकावर अंगठा दाबून किक मारली, अंगठा फट्कन उडाला. पेट्रोल? दहा किका मारून प्लग काढला तर कोरडा ठणठणीत. आला चोर हातात!

कार्ब्युरेटर उघडला. आतल्या बारीक जेटमध्ये जुन्या पेट्रोलचा पिवळा चिकट थर. हल्लीच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते हवेतली ओल शोषतं आणि जुन्या गाड्यांचं रबर फुगवतं. म्हणून गाडी महिनोन् महिने उभी ठेवणार असाल तर टाकी आणि कार्ब्युरेटर दोन्ही रिकामे करा. जेट साफ केली, ताजं पेट्रोल आणि टू-टी ऑइल घातलं. आता प्लग ओला येऊ लागला. म्हणजे तिन्ही हजर.

आणि इंजिन? ढिम्म.

जवळच्या गॅरेजवाल्याने दोन मिनिटं बघून निकाल दिला : क्रँकचे ऑइल सील गेलेत, इंजिन फाडावं लागेल, आठ हजार. त्याचं म्हणणं अगदीच हवेतलं नव्हतं. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल-हवेचं मिश्रण आधी क्रँककेसमध्ये येतं. तिथले सील उभ्या-उभ्या वाळले की बाहेरची हवा आत खेचली जाते आणि गाडी चालू व्हायला कुरकुर करते. पण मला एक गोष्ट खटकत होती. मधूनच किक उलटी बसायची, पायाला असा झटका की डोळ्यांपुढे काजवे. वाळलेला सील लाथा मारत नाही, यार.

शेवटी नाना पेठेतल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींना घरी आणलं. सगळे त्यांना चाचा म्हणतात. उलट्या किकचं ऐकल्यावर त्यांनी हत्यारांच्या पिशवीला हातच लावला नाही. “बेटा, उसाच्या रसाची स्ट्रॉ आहे का घरात?” म्हणाले.

स्ट्रॉ प्लगच्या भोकातून पिस्टनवर टेकवली. डावीकडचं कव्हर काढून मॅग्नेट हाताने हळूहळू फिरवलं आणि त्यावरची खूण समोरच्या खुणेशी जुळवली. पिस्टन अगदी वर पोचायला जेमतेम दोनेक मिलिमीटर उरले असताना ठिणगी पडायला हवी, म्हणजे खुणा जुळतील तेव्हा स्ट्रॉ जवळजवळ वरच्या टोकाला हवी. आमची स्ट्रॉ चांगली खाली होती, अजून वर चढायची बाकी. म्हणजे ठिणगी पडत होती, पण फार लवकर. पिस्टन वर येतोय आणि स्फोट त्याला खाली ढकलतोय. उलटी लाथ दुसरं कोण मारणार?

पुलर लावून मॅग्नेट काढलं. मॅग्नेट क्रँकवर नेमक्या जागी बसावं म्हणून एक चावी असते, अर्ध्या चंद्राच्या आकाराची, नखाएवढी. ती मधोमध कापली गेली होती आणि मॅग्नेट आपल्या जागेवरून सरकलं होतं. अपघातात की कुणीतरी नट नीट न आवळल्यामुळे, देव जाणे. नवी चावी नाना पेठेत पन्नास रुपयांच्या आत मिळाली. चाचांनी क्रँकचं टोक साफ केलं, चावी बसवली, नट घट्ट आवळला आणि स्ट्रॉ लावून पुन्हा खात्री केली.

तिसऱ्या किकला चालू! आधी पांढऱ्या धुराचा लोट, मग तो ओळखीचा टणटणीत आवाज. काका गॅलरीत आले, काही न बोलता आत गेले आणि हेल्मेट घेऊनच खाली उतरले. त्यांना गेटच्या आतच थांबवावं लागलं, आरसीवर नव्या इंजिनची नोंद अजून व्हायची होती. मग पार्किंगमध्येच चार फेऱ्या मारल्या. चाचांनी मजुरी तीनशे सांगितली, काकांनी पाचशे दिले. आरटीओचा अर्ज भरून झालाय, त्यानंतर पीयूसी. सोसायटीच्या सेक्रेटरींचा फोन त्याच संध्याकाळी आला, धुराबद्दल.